‘ळ’ची कळ



कार्तिकातली साजगावची यात्रा उलगत आली होती. खोपोलीपासून साजगाव जवळच. तिथे आमचे थोरले आतेभाऊ राहतात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. आपली माणसे या यात्रेत देवदर्शनाला जात नाहीत, पण सुक्या मासळीच्या बाजाराला मात्र आवर्जून जातात. वहिनींनी निरोप धाडला होता, “बोंबील चांगले आलेत, येऊन घेऊन जा.” म्हणून मी गेलो.

घरी पोहोचलो तर ओटीवर सामान काढून ठेवलेले. माळ्यावर पत्रा बदलायचा होता. जुनी ट्रंक, पितळेची घागर, दोन मोडक्या खुर्च्या आणि मधोमध काळपट हिरव्या रंगाचे एक अवजड यंत्र. दादांचा मराठी टाइपरायटर! पुतण्या म्हणाला, “काका, भंगारवाला दुपारी येतोय. किलोवर घेतो. नुसती अडगळ झाली आहे.” दादा काही बोलले नाहीत. त्यांनी फडके घेतले आणि एकेक कळ पुसायला लागले. वहिनी आतूनच म्हणाल्या, “त्या लोखंडावर या घराची चूल पेटली आहे, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.”

वहिनींचे म्हणणे खोटे नाही. आमची आत्या भाताच्या लावणीला जायची. त्या मजुरीतून तिने दादांची टायपिंग क्लासची फी भरली. दादा मॅट्रिक झाल्यावर साजगावहून खोपोलीला चालत जात आणि तासभर यंत्रावर बसून चालत परत येत. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा. त्यानंतर सरकारी कचेऱ्यांतून मराठी टायपिस्टांची गरज वाढत गेली. लिपिक-टंकलेखक म्हणून लागायचे तर मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा सरकारी दाखला लागे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुलामुलींनी त्या एका दाखल्यावर घरातली पहिली पगाराची नोकरी मिळवली. दादाही त्यांपैकीच. पुढे क्लास बंद पडला तेव्हा ज्या यंत्रावर शिकले तेच त्यांनी विकत घेतले.

दादांची नात यंदा बारावीला आहे. ती सरकारी संगणक टायपिंगचीही तयारी करते आहे. ती जवळ येऊन बसली आणि कळा न्याहाळू लागली. म्हणाली, “आजोबा, यात एंटरच नाही. आणि ही अर्धी अर्धी अक्षरं कसली?” मग दादांची कळी खुलली. त्या दुपारी त्यांनी जे सांगितले ते मला आपल्या मुलांसाठी लिहावेसे वाटले.

एंटर नाही, कारण ओळ संपली की डाव्या बाजूचा दांडा हाताने ढकलून कागदाचा गाडा परत आणायचा. ओळ संपत आली की आतली घंटी टिंग करून सांगते. संगणकाच्या एंटरच्या कळीवर खाली वळून डावीकडे जाणारा बाण असतो ना, तो म्हणजे या गाड्याचीच वाट आहे. गाडा डावीकडच्या समासावर आणायचा आणि एक ओळ खाली उतरायची. शिफ्टचेही तसेच. शिफ्ट म्हणजे सरकवणे. प्रत्येक दांडीच्या टोकावर दोन अक्षरे कोरलेली असतात. शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग खरोखरच वर-खाली सरकतो आणि दुसरे अक्षर कागदावर पडते. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीच्या १८७८ च्या यंत्रावर ही शिफ्ट पहिल्यांदा बाजारात आली. आज मोबाइलवर बोटाने जी शिफ्ट दाबतो तिच्यात काहीच सरकत नाही, पण नाव तेच राहिले. बॅकस्पेस तर या यंत्रावर काही पुसतच नाही, गाडा फक्त एक घर मागे नेतो. चूक झाली की ती कागदावर राहते. म्हणून जुने टायपिस्ट आधी विचार करीत आणि मग बोट टाकीत.

इंग्रजी यंत्रांचीही एक गंमत दादांनी सांगितली. पुष्कळ जुन्या यंत्रांवर १ या आकड्याची कळच नसे. इंग्रजीतला छोटा एल तसाच दिसतो, म्हणून त्यावरच भागवीत. एक कळ वाचली तर ती दुसऱ्या चिन्हाला देता येई. कळा मोजक्या आणि चिन्हे फार, ही अडचण पहिल्यापासूनची आहे.

मराठीत ती अडचण आणखी मोठी. यंत्राला साधारण ४४ ते ४६ अक्षरांच्या कळा. प्रत्येक कळीवर दोन चिन्हे धरली तरी नव्वदीच्या आसपास जागा. त्यात स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरे, आकडे, विरामचिन्हे सगळे बसवायचे! मग यंत्र बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. आपल्या बऱ्याच अक्षरांना उजवीकडे उभी काठी असते. ती काठी सोडून उरलेले अर्धे अक्षर कळीवर ठेवले. अर्धा श आणि काना मिळून पूर्ण श. अर्धा ध आणि काना मिळून पूर्ण ध. अर्धा भ आणि काना मिळून भ, आपल्या भीमाचा भ! म्हणजे कान्याची कळ काना तर देतेच, वर अक्षरेही पूर्ण करते. ‘आ’साठी अ ला काना. ‘ई’साठी इ वर रफार. शाळेतल्या बाई बघतील तर म्हणतील, हे कुठले व्याकरण! पण कागदावर अक्षर बरोबर उमटते.

दुसरी युक्ती मात्रांची. उकार, मात्रा, अनुस्वार, रफार यांच्या कळा दाबल्या की खूण उमटते, पण गाडा जागचा हलत नाही. त्यामुळे खूण अक्षराच्या वर किंवा खाली नेमकी बसते. क्लासमध्ये यांना डेड की म्हणत. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी ठोकायची, कारण ती कागदावर अक्षराच्या डावीकडे उभी राहते. ‘शिका’ लिहायचे तर आधी वेलांटी आणि मग श. बोलताना आधी श आणि मग इ, यंत्रावर उलटे. पहिले दोन महिने बोटे गोंधळतात असे दादा म्हणाले.

काही देवनागरी यंत्रांवर जोडाक्षरांना स्वतंत्र कळा असत. ज्ञ, श्र यांच्याबरोबर द्ध हेही जोडाक्षर एकाच कळीवर मिळे. दादा हसून म्हणाले, “ज्यांनी ती कळ ठेवली त्यांच्या मनात शुद्ध आणि सिद्ध असेल. मी मात्र तिला बुद्धाची कळ म्हणायचो.” आणि एक विचार करण्यासारखी गोष्ट त्यांनी दाखवली. पाली भाषेत श नाही, ष नाही, ऋ नाही, ऐ आणि औ नाहीत, रफारही नाही. आपण शरणं म्हणत नाही, सरणं म्हणतो. धर्माचा धम्म होतो, कर्माचे कम्म होते. म्हणजे त्रिसरण-पंचशील टाइप करायला बसलात तर यंत्रावरच्या बऱ्याच कळांना हातही लावावा लागत नाही. भगवंतांनी सामान्य माणसाच्या बोलीत धम्म सांगितला असे आपण म्हणतो. ते बोटांनाही कळते. पण एक अक्षर पालीत आहे आणि मराठीतही आहे, ते म्हणजे ळ. राजगृहाजवळ बिंबिसार राजाने संघाला दान दिले ते वेळुवन. त्यात ळ आहे.

या ळ वरूनच पुढचा प्रसंग घडला.

रिबन वाळून गेली होती. दादांनी कागदावर कार्बन ठेवला, दोन्ही रोलरमध्ये घातले आणि रिबन बाजूला सारणारी छोटी कळ पांढऱ्या खुणेवर केली. या कळीला तीन खुणा असतात. काळ्यावर काळी शाई, लालवर लाल शाई आणि पांढऱ्यावर रिबन मध्ये येतच नाही. ही पांढरी खूण स्टेन्सिलसाठी. उघड्या अक्षराचा ठोसा बसून मेणकागद कापला जाई आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर त्याच्या शेकडो प्रती निघत. भीमजयंतीची पत्रके, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची निमंत्रणे, मोर्चाची हाक, किती वाड्या-वस्त्यांतून हे साहित्य या पांढऱ्या खुणेवर निघाले असेल! छापखान्याचे पैसे नसत. एक टायपिस्ट आणि एक स्टेन्सिल एवढ्यावर चळवळीचा निरोप गावोगाव पोहोचे.

दादांनी नातीचे नाव टाइप केले. वडिलांचे नाव आणि मग आडनाव, कांबळे. कार्बनखालच्या कागदावर अक्षरे स्वच्छ उमटली. पोरीने कागद हातात घेतला आणि बघतच राहिली. म्हणाली, “आजोबा, माझ्या जातीच्या दाखल्यावर असं नाहीये. तिथं ल आहे.”

दाखला आणला. खरेच, त्यावर ‘कांबले’ छापलेले. दोन वर्षे तो दाखला कपाटात होता. शिक्का होता, सही होती, म्हणून कोणी नीट वाचलाच नव्हता. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचे आहे. त्यासाठी जात पडताळणी लागणार. तिथे आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचा दाखला आणि तिचा दाखला शेजारी शेजारी ठेवतील. दोन ठिकाणी कांबळे आणि एका ठिकाणी कांबले. एका अक्षरावर अर्ज अडला तर प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबते का?

हे झाले कसे? हल्ली पुष्कळ ठिकाणी नाव इंग्रजी अक्षरांत लिहून यंत्राकडून मराठी करून घेतात. इंग्रजीत एल एकच. ल ही त्यातच आणि ळ ही त्यातच. यंत्राने पहिले सुचवले ते स्वीकारले, छापले, दिले. हिंदीच्या सवयीनेही असे होते. कांबळेंचे कांबले, ओव्हाळांचे ओव्हाल, साळव्यांचे सालवे. कवी नामदेव ढसाळ यांचेही आडनाव हिंदीत ढसाल असे छापलेले दिसते. जुन्या मराठी यंत्रावर असे सहसा होत नसे, कारण ळ ची कळ वेगळी होती. टायपिस्टला नाव ऐकून ठरवावे लागे, ल की ळ. तो कळीवर बोट ठेवी तेव्हा जबाबदारी त्याची असे.

आपल्या माणसांनी कागदाची किंमत फार उशिरा आणि फार मोठी मोजून शिकली आहे. बौद्ध झाल्यावर केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले, तेव्हा कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्यांना तो हक्क मिळाला. चौतीस वर्षांनी मिळालेला हक्क एका चुकीच्या अक्षरावर लटकू द्यायचा का?

इथे मला नानकचंद रत्तू यांची आठवण होते. ते पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्याचे. दिल्लीत सरकारी नोकरी करून उरलेल्या वेळात ते बाबासाहेबांचे टायपिंग करीत. दिवसभर कचेरीत काम आणि संध्याकाळनंतर २६, अलीपूर रोडवर पुन्हा यंत्रापुढे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी त्यांच्याकडून आपल्या बुद्ध आणि धम्म यांवरच्या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे मागवून जवळ ठेवून घेतली. छापायला जाण्यापूर्वी मजकुरावर एकदा नजर फिरवायची होती. सकाळ झाली ती ६ डिसेंबरची. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढा विद्वान माणूस, एवढे आजारपण, तरी टाइप झालेला कागद पुन्हा वाचल्याशिवाय पुढे धाडायचा नाही ही शिस्त! आपण तर आपल्या लेकराचा दाखलाही वाचत नाही. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यांत टाइपरायटरही आहे. तिथे गेलात तर हात जोडण्याबरोबर ही शिस्तही घेऊन या.

जगात कळांचे प्रकार पुष्कळ झाले. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक कीबोर्ड बनला. त्यावर शिफ्टसारख्या सात प्रकारच्या कळा होत्या आणि अंगठा वर, अंगठा खाली अशी हाताची चित्रे असलेल्याही कळा होत्या. आयबीएम कंपनीचा १९८५ चा कीबोर्ड प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असल्यामुळे टाइपरायटरसारखा खट्खट् वाजतो. आजही हौशी लोक तो पैसे मोजून घेतात. त्यावरची पॉज-ब्रेक, स्क्रोल लॉक यांसारखी बटणे आज बहुतेकांच्या कधी कामाला येत नाहीत, तरी ती कित्येक वर्षे जागा धरून बसली. ज्यांनी कीबोर्ड बनवले त्यांनी आपली गरज पाहून कळा ठेवल्या. आपल्या ळ ची गरज आपल्यालाच सांगावी लागते.

आणि ती सांगितली गेली आहे, हेही खरे. भारतीय भाषांसाठी इन्स्क्रिप्ट नावाचा कीबोर्ड ठरला. १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून छापला गेला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी केच्या कळीवरच आपला क. अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा नाहीत, डीच्या कळीवर पाय मोडायची खूण आहे. कोणत्याही व्यंजनाचा तिने पाय मोडता येतो. पहिली वेलांटीही बोलण्याच्या क्रमाने अक्षरानंतर येते. ल एनच्या कळीवर आणि ळ शिफ्ट धरून त्याच कळीवर. वाऱ्यातला, दऱ्यातला ऱ शिफ्ट धरून जेच्या कळीवर.

मुलांनो, हे वहीत उतरवून घ्या. कांबळे लिहायचे तर के, ई, एक्स, वाय, मग शिफ्ट धरून एन, शेवटी एस. बुद्ध लिहायचे तर वाय, जी, ओ, डी आणि शिफ्ट धरून ओ. धम्म लिहायचे तर शिफ्ट धरून ओ, मग सी, डी, सी. चार दिवस रोज अर्धा तास बसलात तर बोटे आपोआप जातील. नावाचे भाषांतर यंत्राकडून करून घेण्याची वेळ येणार नाही.

दादांनी दुसऱ्याच दिवशी त्याच जुन्या यंत्रावर कार्बन घालून दुरुस्तीचा अर्ज टाइप केला. आपल्या शाळेच्या दाखल्याची आणि मुलाच्या दाखल्याची प्रत जोडली. पुतण्याने मजुरीचा खाडा करून तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला खिडकीवरचा माणूस म्हणाला, “ल काय नि ळ काय, एकच आहे की!” पोरगी बरोबर होती. ती म्हणाली, “साहेब, माळ आणि माल एकच आहे का? काळ आणि काल एकच आहे का?” त्याने मान वर करून पाहिले आणि अर्ज घेतला. भांडण नाही, आवाज नाही. उगाच नमतेही घेतले नाही.

गेल्या आठवड्यात दादांचा फोन आला. दुरुस्त दाखला मिळाला. पोरीने खिडकीसमोरच उभे राहून प्रत्येक अक्षर वाचले, मगच पोचवहीत सही केली. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मावशींनीही मग आपला कागद तिच्यापुढे धरला. म्हणाल्या, “बाळ, माझंही बघ गं, बरोबर लिहिलंय का.”

तेव्हा आईबापांनो, एवढे करा. घरातले सगळे दाखले एका दुपारी बाहेर काढा. जन्माचा, शाळा सोडल्याचा, जातीचा, आधार कार्ड, रेशन कार्ड. आजोबांचा जुना शाळेचा दाखला असेल तर तो मधे ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, अक्षर अन् अक्षर. मराठीतले आणि इंग्रजीतलेही. घरात वाचता येणारे लेकरू असेल तर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. चूक दिसली तर आजच अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ करू नका. नवा दाखला मिळाला की खिडकी सोडण्यापूर्वी वाचा. शिक्का आणि सही असली म्हणजे अक्षर बरोबर असतेच असे नाही.

टाइपरायटर बनवणाऱ्या गोदरेजने १९५५ मध्ये देशातले पहिले स्वदेशी यंत्र काढले होते. २००९ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवले. आता नवे यंत्र मिळायचे नाही आणि त्यावरची सरकारी परीक्षाही राहिली नाही. त्याचे दुःख करत बसायचे कारण नाही, आपली मुले संगणकावर पुढे गेली पाहिजेत. पण ज्या कळांनी आपल्या माणसांना शेतावरच्या मजुरीतून कचेरीच्या खुर्चीत बसवले, त्या कळांनी शिकवलेली एक गोष्ट सोडू नये. आपले नाव कसे लिहायचे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे आणि ते तसेच लिहून घेतले पाहिजे.

भंगारवाला त्या दुपारी आला होता. ट्रंक आणि खुर्च्या घेऊन गेला. यंत्र दादांच्या खिडकीपाशी स्टुलावर आहे. नातीने त्याला जुन्या साडीचे झाकण शिवले आहे. येत्या भीमजयंतीला ते विहारात नेऊन लहान मुलांना दाखवायचे तिने ठरवले आहे. प्रत्येक मुलाने आपले नाव त्यावर टाइप करायचे आणि कागद घरी न्यायचा. वहिनी म्हणतात, “आधी रिबन आणा, मग कार्यक्रम करा.”

जयभीम!